पाऊणपटीचं गणित

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबू-दोऱ्यांच्या वलांडीला बोंबील टांगणाऱ्या बाईचे हात बघत उभं राहावं. टोपलीतून ती दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकून देते, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, काडी नाही. माशाचेच बारीक दात माशाला धरून ठेवतात. हे करताना तिचं लक्ष हातांकडे नसतंच. ती शेजारणीला कालच्या हळदीत कोण रुसलं ते सांगत असते, मध्येच कावळ्याला हाकलते, मध्येच नातवाच्या नावाने ओरडते, आणि दोरी भरत जाते. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. हातात धरला तर घसरून जाईल असा. पहिल्या दिवशी तो वलांडीवर नुसता लोंबत असतो. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या बाजूने पाहिलं तर आरपार उजेड दिसतो. तिसऱ्या दिवशी वारा आला की सगळ्या दोऱ्या खडखडायला लागतात, आणि मग त्या बायका म्हणतात, झाला.

ऊन लागतंच, पण खरं काम वाऱ्याचं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे कोरडे असतात, बोंबलातलं पाणी ते अलगद ओढून घेतात. दुपारनंतर खारे वारे सुरू झाले की दमटपणा वाढतो. नुसत्या कडक उन्हात वाळवलेला बोंबील वरून कडक आणि आतून ओला राहतो, असं तिथल्या बायका सांगतात. तो महिनाभरात बुरसटतो. घेणाऱ्याला कळत नाही, पण विकणारीला कळतं आणि ती ओळखीच्या गिऱ्हाइकाला तो देत नाही. निदान मला तरी दिलेला नाही.

आमच्या घरी मे महिना म्हणजे आगोट. पाऊस पडायच्या आत चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, एखादा खारवलेला मोठा मासा. आई पत्र्याचे डबे घासून उन्हात ठेवायची, तळाशी वर्तमानपत्र घालायची. अर्नाळ्याहून विरारच्या बसने येणारी मावशी दारात टोपली उतरवायची. भाव ठरायला अर्धा तास, त्यात चहा. आई म्हणायची महाग, मावशी म्हणायची, मग तूच ये वलांडी बांधायला. दोघींनाही माहीत असायचं की शेवटी काय ठरणार. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या, मच्छीबाजार ओस पडला की त्या डब्यातला एक बोंबील निखाऱ्यावर भाजला जायचा आणि सगळ्या चाळीला कळायचं, कुणाकडे काय आहे ते.

त्या मावशीच्या घरधन्याने मला भरती-ओहोटीचं गणित शिकवलं. मी शाळेत पाढे पाठ करणारी, तो शाळेत न गेलेला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला नि अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पुरती ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्याला हे ढोबळमानाने जुळतं. मी घरी येऊन पंचांग आणि वर्तमानपत्रातली भरतीची वेळ ताडून पाहिली होती. तासभर इकडेतिकडे होतं, पण त्याचं त्याला काही नव्हतं. घड्याळ त्याच्या हातात नव्हतंच, आणि होडीत बसल्यावर पाणी दिसत असतंच.

हे गणित त्याला का लागायचं, ते पुढे डोल पाहिल्यावर कळलं. डोल हे माशामागे धावणारं जाळं नव्हे. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना लांबलचक पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि त्याचं तोंड ओघाच्या दिशेला ठेवायचं. पाणी धावतं, त्याच्याबरोबर बोंबील, मांदेली, जवळा, करंदी आत वाहत येते. ओघ थांबला, पाणी फिरायच्या बेताला आलं, की जाळं उचलून रिकामं करायचं. म्हणजे सगळा धंदा पाण्याच्या वेगावर. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मलूल, डोल नुसती लटकत राहते. मग तेव्हा जाळी घरी, शिवणकाम, लग्नाच्या बोलण्या, भांडणं, दारू. कोळीवाड्यातल्या आयुष्याला पंधरा दिवसांचा हा हेलकावा होता आणि अजून आहे. नोकरदाराला रविवार, तसा त्यांना भांग.

मला त्या वयात वाटायचं की समुद्र म्हणजे बेभरवशाची गोष्ट. कादंबऱ्यांत आणि सिनेमांत तसंच असायचं. त्या माणसाशी बोलल्यावर उलटंच वाटायला लागलं. त्याचं सगळं आयुष्य भरवशावर उभं होतं. पाणी कधी फिरेल ते ठरलेलं, मतलई कधी सुरू होईल ते ठरलेलं, आगोट कधी, दर्या कधी खवळणार, नारळ कधी वाहायचा, सारं ठरलेलं. धोका होता, पण धोक्याचेही महिने ठरलेले होते. त्या महिन्यांत होडी वर ओढून शाकारून ठेवायची की झालं.

चंद्राने अजून आपला शब्द मोडलेला नाही. पाऊणपटीचं गणित आजही बरोबर येतं. वारा आणि पाऊस मात्र पंचांगातून उठून गेलेत.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं, तेव्हा कोकणात अनेकांनी चक्रीवादळाचं नाव पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकलं. नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम, होड्या बाहेर. किती जण परत आले नाहीत. मग २०१७ च्या डिसेंबरात ओखी. त्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी भरकटत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या, नऊशेहून अधिक माणसं. देवगडच्या लोकांना मल्याळम येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हती, पण माशाच्या कालवणावर फारसं बोलावं लागलं नसणार. २०१९ च्या दिवाळीत क्यार समुद्रात घोंघावत होतं आणि ते विरतंय तोवर महा उभं राहिलं; काही दिवस दोन्ही एकाच अरबी समुद्रात होती. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या मेमध्ये तौक्ते. पूर्वी वादळं बंगालच्या उपसागराची, असं भूगोलाच्या बाई शिकवायच्या, आणि ते खरंही होतं. अरबी समुद्र त्या मानाने थंड होता. आता तो तापलाय आणि तापलेल्या पाण्यावर वादळाचं पोट भरतं.

कोळीवाड्यात आता वर्षं अशीच सांगतात. ‘तौक्तेच्या आदल्या वर्षी सून आली’, ‘ओखीत इंजिन गेलं’. ही नावं बंदरावर अशी रुळलीत की जणू गावातलीच वांड पोरं.

वादळ येऊन धडकतं त्याची बातमी होते. धडकत नाही त्याची होत नाही, आणि मला वाटतं जास्त नुकसान त्या न धडकलेल्यांनीच केलं असावं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, मोबाइलवर संदेश येतात, निघालेल्या होड्या डिझेल जाळून माघारी फिरतात. वादळ ओमानकडे वळतं. शहरातले लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. इकडे एक उधाण फुकट गेलेलं असतं. पंधरा दिवसांतून एकदा येणारं उधाण. ते गेलं की पुढचं येईपर्यंत खलाशांचा पगार, बर्फाचे पैसे, हप्ता थांबत नाहीत. जीव वाचले हे खरंच. हवामान खात्याचे इशारे आता पूर्वीपेक्षा फार नेमके असतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे तेही कळवते. तरुण पोरं ते पाहतात. तक्रार इशाऱ्याबद्दल नाहीच कुणाची. पण न गेलेल्या दिवसांचा पंचनामा कोण करणार?

आणि वलांडीवरचा पाऊस. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मुंबई-पालघरकडे श्रावणासारखा पाऊस लागला. डिसेंबर म्हणजे सुकवणीचा राजा महिना. दोऱ्यांवर बोंबील, खाली जमिनीवर पसरलेला जवळा. जवळा गोळा करायलाही वेळ लागतो, इतका तो बारीक. भिजलेली मासळी लाल पडते, मऊ होते, अळ्या पडतात. मग ती खतात नाहीतर कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि जो भाव मिळेल तो घ्यायचा. हे नुकसान बहुतेक बायकांचं. होडी पुरुषाच्या नावावर, जाळं पुरुषाच्या नावावर, भरपाईचे अर्ज होडीचे नि जाळ्याचे. वलांडी कुणाच्याच नावावर नाही. ती बांबूची, किनाऱ्यावरच्या वाळूत रोवलेली, आणि वाळूही सरकत चाललीय. अर्नाळा-राजोडी-कळंबच्या बाजूला सुरूची झाडं मुळं वर करून पडलेली दिसतात. पिकनिकला आलेले लोक त्यांवर बसून फोटो काढतात. मीही काढलाय.

तिथी सरकारी कागदातही होती, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. पूर्वी महाराष्ट्रातली पावसाळी मासेमारीबंदी उठायची ती नारळी पौर्णिमेला किंवा १५ ऑगस्टला, दोन्हींत जे आधी येईल तेव्हा. कारकुनाला पंचांग उघडावं लागत असेल. आता १ जून ते ३१ जुलै, सरळ एकसष्ट दिवस. कारभाराच्या दृष्टीने सोयीचंच. पण २०२३ साली अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अगदी शेवटी आली. तोवर यांत्रिक बोटींनी महिनाभर समुद्र पालथा घातला होता. जुनी माणसं म्हणतात, दर्या शांत झाल्याशिवाय आणि पिल्लं वाढल्याशिवाय जायचं नाही, म्हणून नारळ. नारळ अजून वाहतात. सोन्याचा मुलामा दिलेला, मिरवणुकीने, डीजे लावून.

चंद्राचंच निघालंय तर मालवणकडची एक गोष्ट. तिथे रापण असते. किनाऱ्यावरून होडीने जाळ्याचा वेढा टाकायचा आणि दोन्ही टोकांचे दोर वाडीने मिळून ओढायचे. दोराला हात लावला त्याला वाटा. काळोख्या रात्री मासळीचा थवा पाण्यात नुसत्या लकाकीवरून ओळखणारी माणसं रापणीत असायची. चांदण्यात ती लकाकी दिसत नाही, म्हणून काळोखाला मोल. मग पर्ससीनच्या मोठ्या बोटी आल्या, थवाच्या थवा उचलून नेणाऱ्या. २०१६ साली राज्याने त्यांच्यावर मर्यादा घातल्या. तोवर काही बोटींनी पाण्यात प्रखर एलईडी दिवे सोडायला सुरुवात केली होती. काळोख असो की चांदणं, दिव्यापाशी मासळी गोळा होते. त्यावर २०१७ साली केंद्राने बंदी घातली. मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की क्षितिजावर बंदी घातलेले दिवे दिसतात, असं तिथले लोक कडवटपणे सांगतात. ज्या समाजाचं सगळं शहाणपण चंद्राच्या कलेवर बेतलेलं, त्याच्यासमोर कुणीतरी जनरेटरवर चालणारा चंद्र आणून लावला.

अर्थात पारंपरिक म्हटलं की सगळं सोवळं, असं मला म्हणायचं नाही. डोलीच्या शेपटाकडची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, इतकी बारीक की पापलेटची बोटाएवढी पिल्लंही त्यात येतात, आणि ती विकलीही जातात, टोपलीच्या टोपली. २०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. सातपाटीकडचे मच्छीमार त्यासाठी किती दिवस मागे लागले होते. पण राज्यमाशाची पिल्लं बाजारात भजीसाठी मिळतात आणि आपण घेतो. नायलॉन कुणाला नको होतं? सणा-सुताचं जाळं सुकवा, रंगवा, पुन्हा सुकवा, यात बायकापुरुषांच्या कमरा मोडत होत्या. इंजिन आलं तेव्हा वल्ही मारून खांदे उतरलेल्या माणसांनी त्याची पूजाच केली. बर्फ आला, मासळी दोन दिवस टिकायला लागली, आणि मग होडीही दोन दिवस बाहेर राहायला लागली, मग आठ. भांगाचा रविवार तिथूनच आक्रसला. रत्नागिरी-हर्णैच्या बोटींवर आता नेपाळी खलाशी असतात. डोंगरातली ही पोरं भर समुद्रात जाळं ओढतात, आणि ज्यांच्या आजोबांना तिथीची पाऊणपट तोंडपाठ होती ती पोरं अंधेरीत एसी ऑफिसात. एका आत्याने मुलीसाठी स्थळ बघताना ‘मुलगा दर्यावर जात नाही ना’ असं विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. आत्या कोळ्याचीच.

या शहाणपणाचं मोल वरळीला दिसलं. तिथे सागरी किनारा मार्गाचे खांब उभे राहायचे होते, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी हटून सांगितलं की दोन खांबांमधलं साठ मीटर अंतर पुरणार नाही. कागदावर होडीची रुंदी मोजली तर साठ मीटर चिक्कार. पण ओहोटीचा ओघ आणि वारा एकमेकांविरुद्ध असताना होडी सरळ जात नाही, तिरकी सरकते, हे कागदावर नसतं. बरीच वर्षं भांडून ते अंतर एकशेवीस मीटर झालं. मला त्या भांडणात गंमत ही वाटली की हे ज्ञान कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सांगणारी माणसं तिथे राहत होती म्हणून ते अभियंत्यांना कळलं.

डहाणूजवळ वाढवणला मात्र गोष्ट खांबांच्या पलीकडची आहे. २०२४ च्या जूनमध्ये केंद्राने तिथल्या बंदराला मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींहून मोठा प्रकल्प, समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव. जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो. पाण्याचा सातबारा कुठला? पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या कवी कुठे, म्हणजे कोणाचे खुंट समुद्रात कुठल्या ठिकाणी, हे या किनाऱ्यावर लोकांना ठाऊक असतं. त्यावरून गावागावांत वाद होतात, सातपाटीकडचे आणि वसई-उत्तनकडचे तर कित्येक वर्षं भांडतायत. पण भांडण आहे याचाच अर्थ हक्क आहे असं दोघंही मानतात. दप्तरात त्याला नाव नाही. आणि एवढा भराव पडल्यावर ओघाची वाट कुठून कुठे वळेल? डोल बांधणाऱ्याला नेमका तोच प्रश्न पडतो. बंदराच्या बाजूने बोलणारे रोजगाराचे आकडे सांगतात. ते खोटे असतील असं नाही. पोरं अंधेरीला जातातच आहेत, त्यापेक्षा वाढवणला जातील, असं एका म्हाताऱ्याने मला सांगितलं, आणि लगेच दुसऱ्याने त्याला शिवी घातली.

परवा अर्नाळ्याला गेले होते. ती जुनी मावशी आता नाही, तिची सून वलांडी सांभाळते. तिचं नि तिच्या मुलीचं चाललं होतं. मुलगी बारावीला, मोबाइलवर भरतीची वेळ काढून दाखवत होती. सुनेने बोटांच्या पेरांवर मोजलं, पंचमी, पावणेचार. मोबाइल म्हणाला, चारला दहा कमी. दोघी खूश.

“आनि पाऊस?” मी विचारलं.

मुलीने बोट फिरवलं. “ढगाल हाय म्हनतंय. तीस टक्के.”

“तीस टक्के म्हंजे काय समजाचं?” सून म्हणाली. “तीस टक्के बोंबील उतरवू काय खाली?”

मग शेजारच्या बायका जमल्या, कारण गटाच्या बैठकीत सोलर ड्रायरचं निघालं होतं. काचेच्या पेटीसारखी प्लास्टिकची खोली, आत जाळ्यांवर मासळी, पावसाचं भय नाही, माश्या नाहीत, कावळे नाहीत. अनुदान मिळतं. एकीचं म्हणणं, घेऊन टाकावा. दुसरी म्हणाली, त्यात बोंबील मावणार किती, आमची एक दोरी पण नाय मावायची. तिसरीने विचारलं, जागा कुणाची, किनाऱ्यावर पक्कं काही बांधलं तर उद्या नोटीस येईल, वलांडीला कुणी नोटीस देत नाही. एक म्हातारी आतापर्यंत गप्प होती. तिला वेगळीच शंका. वारा नाय लागला तर त्याला बोंबील म्हनायचं काय, ती म्हणाली, आनि आगोटीच्या गिऱ्हाइकाला कललं नाय तरी आपल्याला कललंच ना.

यावर गलका झाला. सून माझ्याकडे वळली. “तू सांग गो बाय, तू घेतेस ना दरसाल. पेटीतला घेशील?”

मी म्हटलं, आधी खाऊन बघते.

“बघा,” ती इतरांना म्हणाली, “ही पन बैठकीलाच बसली.” आणि सगळ्या पुन्हा ड्रायरच्या अनुदानाचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर आल्या. होडी ज्याच्या नावावर त्याच्या, असं एकीने सुचवलं. त्यावर तिघी एकदम बोलायला लागल्या, आणि मला विरारची बस पकडायची होती.